भाग २७ : दिवाळीची भट्टी, नाताळची कुकी आणि आपली सरकी

मागच्या डिसेंबरात आमच्या पुण्याच्या ऑफिसात कुकीज सजवायचा कार्यक्रम होता. कॅन्टीनच्या टेबलावर भाजून ठेवलेल्या कुकीज होत्या, चांदणीच्या, घंटेच्या, झाडाच्या आकाराच्या, आणि प्रत्येकाला लाल-हिरव्या आयसिंगचा एकेक कोन. सगळे मान खाली घालून रेघा मारत होते. मी माझ्या कुकीवर मधोमध एक ठिपका दिला, त्याच्यावर बदामाचे तीन तुकडे त्रिकोणात बसवले आणि थांबलो. शेजारची म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "ही आमच्या घरची खूण आहे." तिला वाटलं मी कुठल्या तरी व्रताबद्दल बोलतोय. तेव्हाच ठरवलं होतं की एक भाग बिस्किटांवर करायचा. तर हा तो भाग.

मी दारव्ह्याचा. यवतमाळ जिल्हा. आमच्याकडे दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी एक काम असतं, त्याला म्हणतात 'बिस्किटं करून आणणे'. चकली, चिवडा, करंजी घरी होते. बिस्किट घरी होत नाही, कारण घरात भट्टी नसते. मग काय करायचं, तर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पिपा घासूनपुसून उन्हात वाळवायचा. एका पिशवीत मैदा, एकीत दळून आणलेली साखर, वाटीभर रवा, डालडा, पुडीत वेलची-जायफळ, आणि हे सगळं घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. आईचं माप ठरलेलं: किलोभर मैद्याला पाऊण किलो साखर आणि अर्ध्या किलोच्या थोडा वर डालडा. कस्टर्ड पावडर कारागीर विचारून टाकायचा. किलोमागे मजुरी ठरलेली. नंबर लागला की तुमचा माल तुमच्या डोळ्यासमोर मळला जातो, साच्यातून पडतो, पत्र्यावर ओळीने मांडला जातो आणि आत जातो.

नंबर मात्र कधीही लागायचा. रात्री अकराला, दोनला, पहाटे चारला. मी सातवी-आठवीत असताना तिथल्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलोय. पहाटे घरी येताना पिपा इतका गरम असायचा की सायकलच्या कॅरिअरवर खाली पोतं टाकावं लागे.

आता भट्टीवर एका वेळी चार घरांचा माल असतो. पत्रे सारखे, मैदा सारखा, साचाही तोच. आत गेलेला पत्रा आपलाच बाहेर आला हे कसं ओळखायचं? म्हणून खुणा. कुणी काट्या-चमच्याच्या रेघा मारायचं, कुणी सोड्याच्या बाटलीचं झाकण दाबायचं, कुणी करंजी कापायच्या फिरकीने कडा उठवायचं. एका काकूंनी जुन्या कोटाचं बटन खास त्यासाठी ठेवलं होतं. आमची खूण म्हणजे मधोमध अंगठा आणि तीन चारोळ्या. तीन का? आई म्हणते, "दोन बसवल्या तर डोळे दिसतात." चारोळी ही आपल्या विदर्भाच्या पानगळीच्या जंगलातली, उन्हाळ्यात चाराची फळं गोळा करून, फोडून काढलेली. म्हणजे आमच्याकडे बिस्किट सजवायचं ते हौसेपेक्षा जास्त ओळख पटावी म्हणून. आणि जाता जाता सांगतो, शहरातल्या केकवर आणि बिस्किटावर जी लालभडक 'चेरी' असते, ती आपल्याकडे बहुतेक वेळा करवंद असतं, बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. आपण परदेशी समजून जे वरून लावतो ते आपल्याच बांधावरचं असतं.

बरं, आता मागे जाऊ. ही बिस्किटं, म्हणजे मुळात नानकटाई, आली कुठून?

गोष्ट सुरतेला सुरू होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत वखार घातली. युरोपातून आलेल्या माणसाला ज्वारी-बाजरीवर किती दिवस काढता येणार? त्यांना पाव हवा. म्हणून बेकरी निघाली आणि तिथे काम करायला पारशी कारागीर लागले. १८२४ मध्ये इंग्रज आणि डच यांच्यात तह झाला, डचांनी भारतातली ठाणी सोडली. सुरतेत सांगतात ते असं की जाताना डचांनी बेकरी फरामजी पेस्तनजी डोटीवाला या पारशी कारागिराकडे दिली. डोटीवाला बेकरी आजही सुरतेच्या नानपुऱ्यात आहे आणि ती स्वतःचं साल १८६१ असं सांगते.

डच गेले, पाव खाणारे गेले. स्थानिक लोक पाव घेईनात, कारण पीठ फुगवायला ताडी वापरत आणि काही मालात अंडंही असे. उरलेला पाव वाळून कडक व्हायचा आणि स्वस्तात गरीब लोक घ्यायचे. लोकांना तो कडक पाव आवडला, मग डोटीवालांनी मुद्दामच वाळवलेला माल करायला सुरुवात केली. नानकटाईचाही उगम इथलाच सांगतात: ताडी काढली, अंडं काढलं, राहिलं पीठ, तूप, साखर. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, युजरला जे दोन फीचर खटकत होते ते काढून टाकले आणि प्रॉडक्ट चाललं. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ पाव किंवा रोटी. 'खटाई'बद्दल दोन मतं आहेत. काही जण तो फारसीतला एका बिस्किटाचाच शब्द मानतात, काही जण 'खता' म्हणजे चीन, अशी फोड करतात. आंबटाशी मात्र त्याचा काही संबंध नाही, हे लहानपणी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

डच हा शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

त्याच डचांची दुसरी टोळी अमेरिकेत गेली होती. आजचं न्यूयॉर्क हे आधी त्यांचं न्यू ॲमस्टरडॅम, १६६४ ला इंग्रजांनी घेतलं. शहर गेलं पण शब्द राहिला. डच भाषेत 'कूक' म्हणजे केक आणि छोटा केक तो 'कूक्ये'. त्याचीच अमेरिकेत कुकी झाली. इंग्लंडात बिस्किट, अमेरिकेत कुकी, हा फरक त्यातून आला. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स या बाईंचं 'अमेरिकन कुकरी' पुस्तक छापलं गेलं, त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे. मी ती वाचली तेव्हा हसू आलं, कारण तिच्यात मसाला एकच आहे, धणेपूड. चांगली चहाच्या कपाने मोजलेली! फुगवायला लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार, म्हणजे आपल्या पापडखाराचा लांबचा भाऊ. आणि बाई पुढे सांगतात की ही कुकी आधी कडक लागेल, पण मडक्यात भरून ठेवली तर सहा महिन्यांनी जास्त चांगली लागते. आमच्या घरी पिपा सहा आठवडेसुद्धा टिकला नाही कधी.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण इथे बिस्किटाचं प्रकरण फक्त चवीचं नव्हतं.

१८९० चा ऑक्टोबर. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. तिथे पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटं आली. कुणी खाल्लं, कुणी नुसता कप तोंडाला लावला, कुणी हात लावून ठेवून दिलं. हा घाट घातला होता गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या नवऱ्याने. त्यांनी मागाहून हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. झालं. ख्रिस्ती माणसाच्या घरचा चहा, ख्रिस्ती हाताचं बिस्किट, धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. टिळकांनी सांगितलं की आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. आपण इतिहासात याला 'चहा प्रकरण' म्हणतो. बिस्किटाचं नाव शीर्षकातून गळालं, पण वाद त्याच्यावर जास्त होता असं मला वाटतं. चहा निदान उकळलेला असतो. बिस्किट कुणीतरी हाताने मळलेलं असतं.

ही भीती धंद्यालाही कळली होती. १८९८ मध्ये दिल्लीत लाला राधामोहन यांनी 'हिंदू बिस्किट कंपनी' काढली. विकायचा मुद्दाच हा की माल उच्चवर्णीय हिंदूंनी बनवलेला आहे. म्हणजे पुड्यावर आधी हात कुणाचा ते सांगायचं, मग चव.

आता हे डोक्यात ठेवून दारव्ह्याच्या भट्टीवर परत या. भट्टीवाले मुसलमान. कारागीर मुसलमान. रांगेत उभ्या बायका बहुतेक हिंदू, काही बौद्ध. डिसेंबरात नाताळासाठी ख्रिस्ती घरांचे पिपे येतात. यवतमाळला ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. फ्री मेथडिस्ट मिशन तिथे कधीपासूनचं, आणि १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती, मग ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. मराठी ख्रिस्ती घरात नाताळचा फराळ म्हणजे करंजी, चकली, शंकरपाळे आणि हीच नानकटाई. वर चेरी लावली की नाताळची, चारोळी लावली की दिवाळीची. रमजान ईदेच्या आधी मोहल्ल्यातल्या बायकांचे पिपे. भट्टी एकच, साचा एकच.

पंचहौदपासून इथपर्यंत लोक कसे आले? कुणी भाषण करून आले नाहीत. माझा अंदाज असा की ही 'आपला माल न्यायचा' पद्धत होती म्हणून आले. आईचं वाक्य आहे, "माल आपला, विस्तव त्याहीचा." आपण जोंधळा नेतो, गिरणीवाला दळून देतो, त्याची जात विचारत नाही. हरभरा नेतो, भडभुंजा फुटाणे फोडून देतो. बिस्किट त्याच रांगेत जाऊन बसलं. मैदा आपला, डालडा आपला, अंडं नाही हे डोळ्यासमोर, मग ज्या आजीने हॉटेलात पाणीसुद्धा घेतलं नसतं, तिला भट्टीवरचं बिस्किट चालायचं. याला समता वगैरे म्हणू नका. आजी भट्टीवाल्यांकडचा चहा घेत नव्हती, हेही मला आठवतं. पण तिच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला जे ताट जायचं, त्यात त्यांच्या हाताची बिस्किटं असायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. एकाच बाईच्या डोक्यात दोन्ही गोष्टी नांदत होत्या.

आता तो डालडा. इथे डच परत येतात आणि आपला कापूसही.

नानकटाई खुसखुशीत होते ती घट्ट स्निग्धामुळे. तूप किंवा डालडा साखरेबरोबर फेसताना त्यात हवा अडकते, आणि मैद्याच्या कणाला स्निग्धाचं आवरण बसलं की पीठ चिवट होत नाही. पातळ तेलाने हे जमत नाही. आणि घरचं लोणी-तूप किलो-किलोने बिस्किटात घालणं आमच्यासारख्या घराला कधीच परवडलं नसतं.

उपाय निघाला तो रसायनशाळेत. पातळ तेलात हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं, याचं पेटंट १९०२ मध्ये विल्हेल्म नॉरमान या जर्मन माणसाने घेतलं. अमेरिकेत साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९११ मध्ये ते तंत्र वापरून क्रिस्को बाजारात आणलं. तेल कशाचं? सरकीचं! नावच 'क्रिस्टलाइज्ड कॉटनसीड ऑइल' यावरून. तिथल्या कापूसपट्ट्यात सरकी ढिगाने पडायची. कंपनीने ६१५ कृतींचं पुस्तक काढून घरोघर पोचवलं आणि अमेरिकन बाईच्या नाताळच्या कुकीत लोण्याच्या जागी सरकी गेली.

आपल्याकडे लीव्हरने १९३७ मध्ये डालडा आणला. हे आधी 'दादा' नावाच्या डच कंपनीचं तूप होतं. लीव्हरने नाव घेतलं आणि मध्ये आपला 'एल' घुसवला, म्हणून डालडा. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. वनस्पती तूप सुरुवातीला मुख्यतः शेंगदाण्याच्या तेलाचं व्हायचं, पुढे त्यात सरकीचंही तेल आलं. गांधीजी त्याच्या विरोधात होते, संसदेत त्याच्यावर बंदी आणायच्या गोष्टी झाल्या, पण डबा प्रत्येक घरात गेला आणि रिकामा झाल्यावर त्यात तुळस लागली.

क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला की साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. रुई गाठीत बांधली जाते, सरकीचं तेल आणि ढेप होते. आमचा जिल्हा म्हणजे पांढऱ्या सोन्याचा जिल्हा, असं शाळेत शिकवायचे. बातम्यांत तो कशासाठी येतो ते तुम्हाला माहीत आहे. कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या तोंडावर येते, सीतादही करून वेचा सुरू होतो. त्याचा पैसा दिवाळीआधी हातात आला की नाही, यावर पिपा किती भरणार हे ठरायचं. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती, मुख्यमंत्री तेव्हा आमच्याच जिल्ह्यातले, पुसदकडचे वसंतराव नाईक. माझे वडील सांगतात की पुढे पुढे चुकारा उशिरा यायला लागला, तेव्हा एका वर्षी आजीने बिस्किटं दिवाळीला न करता थेट संक्रांतीला केली. पोरांना सांगितलं, "औंदा भट्टी उशिरा पेटली." वडिलांना ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

म्हणजे बघा, ज्या घराने कापूस पिकवला त्याच घराने वनस्पतीचा डबा विकत आणला, आणि मध्ये किती हातांनी कमावलं याचा हिशोब कुणी केला नाही. मी इंजिनिअर आहे, मला हिशोब करायची खोड आहे, पण हा मला जमलेला नाही.

डालड्याचे दिवसही आता बदललेत. ट्रान्स फॅटमुळे हृदयाला धोका असतो म्हणून एफएसएसएआयने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. डब्यावर नाव तेच असलं तरी आतला माल तो नाही. आईने यंदा अर्धं घरचं तूप घातलं. बिस्किटं पसरली, खूण अर्धी पुसली गेली.

पुण्यात मी स्वतः करून पाहिली. छोटा ओटीजी, १६० अंश, अठरा मिनिटं. पहिला घाण कडेने काळा, मध्ये कच्चा. भट्टीवर फोन केला तर चाचा म्हणाले, "बेटा, भट्टी में आग नहीं रहती, ईंट की गर्मी रहती है." ते खरंय. विटांची भट्टी आधी लाकूड जाळून तापवतात, मग निखारे ओढून काढतात. आधी जास्त तापावर पाव निघतो, मग ताप उतरता उतरता बिस्किटं. म्हणून तर नंबर रात्री दोनला लागायचा! आम्ही ज्याला गैरसोय म्हणत होतो तो विटा थंड होण्याचा वेळ होता. मी ओव्हन २०० ला तापवून, मग १५० वर आणून भाजली. बरी झाली.

आता यंदाच्या दिवाळीचं सांगतो, आणि हे सांगावं की नाही यावर मी आठवडाभर विचार केलाय. दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला. फराळ कुणाकडून घ्यायचा, कुणाकडून नाही, असा. त्यात भट्टीचं नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तो मेसेज पाहिला, मीटिंग चालू होती, फोन उलटा ठेवला.

मी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घरी पोचलो. आई पिपा पुसत होती. मी विचारलं, "जायचं का?" ती म्हणाली, "काहून नाही जायचं? मैदा आणून ठेवलाय ना." रात्री साडेनऊला गेलो तर नंबर लगेच लागला. पूर्वी जिथे बसायला जागा नसायची, तो बाक अर्धा रिकामा. बटनवाल्या काकू नव्हत्या. चाचांनी रांगेबद्दल शब्द काढला नाही, आईनेही नाही. "वहिनी, मैदा थोडा जाड आहे, रवा कमी टाकतो," एवढंच बोलणं झालं.

पत्रे मांडले. त्या रात्री भट्टीत फक्त आमचाच माल होता. कुणाशी अदलाबदल व्हायची शक्यताच नव्हती, त्यामुळे खूण करायचीही गरज नव्हती. आईने चारोळीची पुडी सोडली, मला म्हणाली, "हात धुऊन ये." ती अंगठा दाबत गेली, मी मागून चारोळ्या बसवत गेलो. सहा पत्रे झाले.